घरातली झाडांची फिश टँक आणि तिच्याखालचा संप

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत झालेल्या माहितीपर भाषणाचा मजकूर. सभेत ताईंनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरंही ओघात घेतली आहेत.)



शोभेच्या माशांवर बोला म्हणून मला निरोप आला, तेव्हाच कळलं की खरा प्रश्न वेगळा आहे. दोन-तीन गटांनी या धंद्यासाठी कर्ज मागितलंय आणि ग्रामसंघाला ठरवायचंय, द्यावं की नको. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. आज देऊ नये. आधी एकीच्या घरात एक टाकी उभी राहू दे. तिनं एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढू दे. मग कर्जाचं बोलू. असं का, ते कळायला टाकी चालते कशी हे बघावं लागेल, म्हणून आज मी धंद्यावर कमी आणि टाकीवर जास्त बोलणार आहे.

मासे आपल्याला नवीन नाहीत. डासांच्या अळ्या खायला आरोग्य खात्याची माणसं हौदात गप्पी मासे सोडून जातात, ते सगळ्यांनी बघितलेत. गप्पीला आपण काय देतो? काहीच नाही. तरी तो जगतो, कारण हौद मोठा असतो, कडेला शेवाळ असतं, मासे थोडे असतात. तोच मासा दुकानातनं काचेच्या गोल भांड्यात आणला की पाच-सहा दिवसांत मरतो. पोरं रडतात, आणि आपण म्हणतो मासाच आजारी दिला. बऱ्याचदा मासा चांगला असतो, पाणी त्याला मारतं. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीचा अमोनिया होतो आणि अमोनिया विषारी. गोठ्यात सकाळी दार उघडल्यावर नाकात जातो ना वास, तोच हा अमोनिया.

निसर्गात हा अमोनिया खाणारे जिवाणू असतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते माशाला फारसं बाधत नाही, आणि झाडांचं तर ते खत. आपण उसाला युरिया टाकतो तेव्हा मातीत हेच होतं. म्हणजे टाकीत झाडं लावायची ती नुसत्या शोभेला नाहीत. मासा घाण करतो, जिवाणू तिचं खत करतात, झाड ते खत उचलतं. हे चक्र बसलं की टाकी आपली आपण चालते, नाही बसलं तर कितीही महागाची आणा, पाणी हिरवं नाहीतर दुधाळ होतं.

आता संप. संप म्हणजे कामगारांचा नव्हे. बंगल्याच्या अंगणात जमिनीखाली पाण्याची टाकी असते, तिलाही संप म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. मोठी टाकी स्टँडवर वर, आणि स्टँडच्या पोटात खाली दुसरी छोटी टाकी. वरच्या टाकीचं पाणी काठावरून सांडून पाईपनं खाली येतं, खालच्या टाकीत गाळलं जातं, आणि पंप ते परत वर चढवतो. चोवीस तास हा रहाट चालू.

एवढा खटाटोप कशाला, बाजारात तयार फिल्टर मिळतो की, असं कुणीतरी विचारणारच. लहान टाकीला तो पुरतो, खरं आहे. पण आपल्याला टाकीपाशी दिवसातनं दहा मिनिटंच मिळणार. सकाळी धारा, डबे, शेत, संध्याकाळी गटाची मीटिंग. रोजचं काम वाढवणारी टाकी आपल्या कामाची नाही. संपामुळं एकूण पाणी वाढतं, आणि जास्त पाणी बिघडायला जास्त वेळ घेतं. घाण एका जागी गोळा होते, हात वरच्या टाकीत घालावा लागत नाही. आणि पाणी काठावरून सांडतं म्हणून वरचा तवंग रोज आपोआप निघून जातो. गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढत बसतात ना, तसं इथं बसावं लागत नाही.

मापं सांगते, लिहून घ्या. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. यापेक्षा लहान टाकीला संप करण्यात अर्थ नाही आणि मोठी पहिल्यांदा झेपत नाही. काच आठ ते दहा मिलिमीटर, दहाची मिळाली तर उत्तम. वरून दोन इंच सोडून पाणी भरलं आणि तळाची माती-वाळू वजा केली तर वर साधारण दीडशे लिटर पाणी राहतं. खालचा संप दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरला तर त्यात सुमारे ५६ लिटर मावतं, पण तो कधीही काठोकाठ भरायचा नाही. सात इंचापर्यंतच. का, ते पुढं येतंय.

काच, पाणी, वाळू सगळं धरून वजन पावणेतीनशे किलोपर्यंत जातं. साखरेची साडेपाच पोती समजा. ती टीव्हीच्या टेबलावर ठेवायची नाहीत. अँगलचं स्टँड करून घ्या. कोल्हापुरात उद्यमनगर असताना आपल्याला स्टँडची काळजी नको, नुसतं माप द्यायचं. स्टँड शहाबादी किंवा टाइल्सच्या जमिनीवर हवं, सारवलेल्या जमिनीत पाय रुततात आणि टाकी एका अंगाला झुकते. गवंड्याकडची लेव्हलची नळी आणून चारी कोपरे बघा. टाकीखाली थर्माकोलचा शीट घाला, म्हणजे खडा राहिला तरी काच तडकणार नाही. खिडकीपासून लांब. टाकीवर थेट ऊन आलं की शेवाळ ठरलेलं.

वरच्या टाकीच्या मागच्या काचेला पाईपसाठी भोक पाडावं लागतं. हे काचवाल्याकडूनच, आणि टाकी जोडायच्या आधी. टफन काच असली तर तिला भोक पाडताच येत नाही, चुरा होतो, म्हणून साधीच काच मागा. भोकाच्या आतल्या बाजूला काचेचीच अरुंद पेटी चिकटवायची आणि तिच्या वरच्या काठाला कंगव्यासारखे दाते ठेवायचे, म्हणजे पाणी सांडेल पण मासा जाणार नाही. त्या दात्यांची उंची हीच टाकीतल्या पाण्याची उंची. भोकात टँक निपल, त्याला एक इंची पीव्हीसी पाईप आणि खाली संप. हे सगळं प्लंबिंगच्या दुकानात मिळतं, माशांच्या दुकानातनं घ्यायची गरज नाही.

संपाचे तीन कप्पे. पहिल्यात पाणी पडतं तिथं जाड स्पंज आणि त्यावर सिंथेटिक कापूस. दिसणारी घाण इथं अडकते. हा कापूस आठवड्याला बदलायचा किंवा धुवायचा. मधला कप्पा सगळ्यात मोठा. तो जिवाणूंचा वाडा. दुकानदार त्यासाठी सिरॅमिकच्या रिंगा देतात, चांगल्या असतात. पण फुटका माठ, जुनी कौलं यांचे सुपारीएवढे तुकडे करून स्वच्छ धुऊन घातले तरी काम होतं. खापराला बारीक छिद्रं असतात, जिवाणूंना तेवढंच हवं. फक्त रंग दिलेला किंवा चकाकी दिलेला माठ नको. तिसऱ्या कप्प्यात पंप. पाणी आधी फडक्यातनं गाळून घ्यायचं आणि मग माठात भरायचं, तसाच हा क्रम आहे. उलटा केला तर खापरांवर गाळ बसून जिवाणू गुदमरतात.

पंप तासाला एकूण पाण्याच्या चार-पाच पट पाणी फिरवील असा. म्हणजे आपल्या टाकीला आठशे-हजार लिटरचा. पण खोक्यावर लिहिलेला आकडा पाणी वर न चढवता मोजलेला असतो. आपल्याला चार फूट चढवायचंय, म्हणून थोडा मोठाच घ्या, आणि चार फुटाला किती पाणी देतो ते दुकानदाराला खोक्यावरचा तक्ता दाखवून विचारा. वीस वॅटचा पंप चोवीस तास चालला तर रोज साधारण अर्धं युनिट, महिन्याला पंधरा. तीस वॅटचा एलईडी दिवा सात तास लावला तर महिन्याला सहा-साडेसहा. सगळे मिळून महिना एकवीस-बावीस युनिट. घरात आधी हा हिशोब मांडा, बिल आल्यावर नको.

आता संपाचं सगळ्यात महत्त्वाचं सांगते, आणि हे दुकानात कुणी सांगत नाही. आपल्याकडं लाईट जाते. लाईट गेली की पंप थांबतो. पंप थांबला की दोन गोष्टी होतात. वरच्या दात्यांवरून सांडत असलेलं थोडं पाणी खाली येतं, ते ठीक. पण वर पाणी सोडणारा जो पाईप आहे त्याचं तोंड पाण्यात बुडालेलं असतं, आणि तो उलटा पाणी ओढायला लागतो. ट्रॅक्टरच्या टाकीतनं नळी टाकून डिझेल काढतात बघा, तसंच. आपल्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे साडेदहा लिटर. पाईप चार इंच बुडवला असेल तर बेचाळीस लिटर खाली येणार, आणि संपात रिकामी जागा आहे तेवीस लिटरची. उरलेलं रात्री दोन वाजता तुमच्या घरभर.

म्हणून पाईपचं तोंड पाण्यात एक इंचच बुडवायचं. आणि पाण्याच्या पातळीच्या जरा खाली त्या पाईपला एक बारीक भोक पाडायचं. पातळी तिथवर उतरली की भोकातनं हवा शिरते आणि ओढ तुटते. भोकात शेवाळ भरतं, महिन्यातनं एकदा टाचणीनं साफ करा. संप सात इंचापर्यंतच का भरायचा, ते आता कळलं असेल. वरची पाच इंच जागा लाईट जाण्यासाठी राखलेली आहे.

उलटंही होऊ शकतं. एखादं पान दात्यांत अडकलं, सांडायची वाट बंद झाली, आणि पंप मात्र खालचं पाणी वर ढकलतोय. अशा वेळी पंपाच्या कप्प्यात जेवढं पाणी असेल तेवढंच वर येऊ शकतं, पुढं पंप कोरडा पडतो. तो कप्पा आठ इंच लांब ठेवला तर त्यात अकरा लिटर. वरच्या टाकीत आपण दोन इंच जागा सोडलीय, म्हणजे एकवीस लिटरची. सांडणार नाही. हा हिशोब आधी करायचा आणि कप्पा त्या मापानं करायचा.

माती, झाड, मासा काही घालायच्या आधी नुसत्या पाण्यावर दोन परीक्षा घ्या. पहिली, पंप चालू असताना बटण बंद करा आणि संप किती भरतो बघा. दुसरी, दात्यांवर फडकं दाबून धरा आणि वर किती चढतं बघा, पंप खरखरायला लागला की लगेच बंद. दोन्हींत जमीन कोरडी राहिली तरच पुढं जायचं. आणि वायर! वायर बोर्डाकडं सरळ जाऊ देऊ नका. आधी खाली झोका घेऊन मग वर बोर्डाकडं, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोक्याच्या तळाशी गळून पडेल, बोर्डात जाणार नाही. घरात करंट गळला तर तोडणारं ईएलसीबी नसेल तर टाकीच्या आधी ते बसवा. आणि पाण्यात हात घालायचा तेव्हा बटण बंद.

पाण्याकडं येऊ. आपला जिल्हा पाण्याच्या बाबतीत एकसारखा नाही. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडं जांभा दगड आणि धो धो पाऊस, तिथलं पाणी मऊ. शिरोळ, हातकणंगल्याकडं काळी जमीन, कैक गावांत क्षारपड, बोअरचं पाणी जड. तपासायला प्रयोगशाळा नको. ज्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही आणि हंड्याला पांढरा थर धरतो ते जड. जड पाणी वाईट नसतं, मासा त्याच्याजोगता निवडायचा. जड पाण्यात गप्पी, मोली, प्लॅटी खूश असतात. मऊ पाण्यात टेट्रा, रासबोरा, बार्ब बरे. पाण्याला औषधं घालून बदलत बसण्यापेक्षा हे स्वस्त.

गावच्या पाण्यात टीसीएल पावडर पडते. माणसाला ती हवीच, पण जिवाणूंना ती मारते. म्हणून टाकीत घालायचं पाणी उघड्या ड्रममध्ये चोवीस तास ठेवून मग वापरा. अधनंमधनं ढवळलं तर आणखी चांगलं.

तळाला एक इंच माती आणि तिच्यावर दीड इंच धुतलेली जाड वाळू. माती चाळलेली, बागेतली साधी. उसाच्या रानातली नको, तिच्यात खतं आणि तणनाशकं असतात. शेणखत तर अजिबात नको. एका वहिनींनी आत्ता हळूच विचारलं, झाडाला शेणखत का चालत नाही. वहिनी, ते बंद पाण्यात सडतं आणि त्याचा अमोनिया एवढा होतो की जिवाणूंना आवरत नाही. वाळूवर लिंबू पिळून बघा, फेस आला तर तिच्यात चुना किंवा शिंपले आहेत. मऊ पाण्याच्या माशांना ती चालणार नाही.

झाडं कुठली, तर सोपी. वॅलिसनेरिया म्हणजे लांब पात्यांची, गवतासारखी. ती जमिनीखालून फुटवे सोडते, हळदीच्या गड्ड्यासारखी पसरते, आणि जड पाणीही सोसते. क्रिप्टोकोरिन सावलीत चालते, पण जागा बदलली की पानं टाकते. घाबरायचं नाही, मुळापासून परत फुटते. जावा फर्न आणि अनुबियास मातीत पुरायचे नाहीत, दगडाला किंवा लाकडाला दोऱ्यानं बांधायचे, पुरले तर त्यांचा दांडा कुजतो. लाल पानांची, गालिच्यासारखी पसरणारी झाडं व्हिडिओत बघून मन जातं. त्यांना जास्त उजेड आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागतो. आणि संपाच्या टाकीत पाणी वरून खाली पडताना हा वायू उडून जातो, म्हणजे सिलिंडर लावला तरी अर्धा वाया. आपण त्या वाटेला जायचं नाही. सोपी झाडं आणि टायमर लावून रोज सहा-सात तास उजेड, बास.

रानातनं झाडं उपटून आणायची नाहीत, हे मात्र निक्षून सांगते. पश्चिम घाटात पाण्यातल्या सुंदर वनस्पती आहेत. साताऱ्याच्या कास पठारावरचा वायतुरा तर जगात आपल्याच डोंगरांवर आहे. त्या पावसाळ्यापुरत्या डबक्यात जगतात, टाकीत मरतात, आणि तिथल्याही कमी होतात.

हे सगळं झालं, पाणी स्वच्छ दिसतंय, झाडं लावलीत. आता मासे? नाही. महिनाभर नाही. या महिन्यात खापरांवर जिवाणू वाढायचे असतात. त्यांना वाढायला थोडा अमोनिया लागतो, म्हणून दोन दिवसांआड माशांच्या खाद्याची चिमूट टाकायची, ती कुजते. चार ते सहा आठवडे लागतात. लवकर हवं असेल तर विरजण लावा. कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्यातला स्पंजाचा एक तुकडा आणून आपल्या संपात ठेवा. दुधाला विरजण लावल्यावर आपण ते सारखं हलवत नाही, तसंच इथंही हात आवरायचा. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं किट मिळतं, गटात मिळून एक घ्या. खाद्य टाकत असतानाही दोन्ही शून्य दाखवायला लागले की पहिले पाच-सहा मासे सोडा. मग दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे. वीस-पंचवीस छोटे मासे झाले की थांबा.

मधल्या कप्प्यातली खापरं नळाखाली कधीच धुवायची नाहीत. सहा महिन्यांत फार गाळ बसला तर टाकीतनं काढलेल्या पाण्यातच हलकी खळबळून घ्यायची. घर लखलखीत ठेवायची आपली सवय इथं टाकीच्या मुळावर येते. खाऊ घालायची सवयही. आग्रह करकरून वाढतो ना आपण पाहुण्यांना, तसं माशाला वाढलं की उरलेलं कुजतं. दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातनं एक-दोनदा.

आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदला. काढलेलं पाणी ओतून देऊ नका, त्यात नायट्रेट आहे. परसबागेतल्या मेथी-कोथिंबिरीला, वांग्याला द्या, फरक दिसेल. उन्हाळ्यात पाणी उडतं आणि ते फक्त पंपाच्या कप्प्यात कमी होतं, वरची पातळी हलत नाही. त्या कप्प्याच्या काचेवर नेलपॉलिशनं रेघ मारून ठेवा. रेघेखाली गेलं की ड्रममधलं पाणी घालायचं. हे काम शाळेतला पोरगाही करतो. एप्रिल-मेमध्ये पाणी तीस अंशांवर गेलं की त्यात प्राणवायू कमी राहतो. संपावर छोटा पंखा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात.

लाईट पाच-सहा तास गेली तर? मासे कमी असतील तर वर फारसं बिघडत नाही, पण खालच्या जिवाणूंना वाहतं, हवा असलेलं पाणी लागतं. बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप मिळतो, त्याचा दगड संपाच्या मधल्या कप्प्यात सोडा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर पंप लावा, दिवा नको.

आता नको झालेले मासे आणि छाटलेली झाडं. मासा मोठा झाला की लोक पुण्य समजून नदीत, विहिरीत सोडतात. टाकीत शेवाळ खातो म्हणून विकला जाणारा सकर मासा असाच उजनी धरणात पोचला. काटेरी, कडक कवचाचा, कुणी खात नाही, आणि मच्छीमारांची जाळी फाडतो. आपल्याच रंकाळ्यात आणि पंचगंगेत दरवर्षी जे केंदाळ काढत बसतात, ती जलपर्णीसुद्धा एके काळी शोभेची म्हणूनच देशात आणलेली. म्हणून टाकीतलं काहीही नदी-ओढ्यात जाता कामा नये. छाटलेली झाडं वाळवून खतात घाला. नको असलेला मासा दुकानात परत द्या.

धंद्याकडं येते. मासे पैदा करून विकायचे म्हटलं तर आपली गाठ चेन्नईच्या कोळथूरशी आणि कोलकात्याच्या हावड्याशी आहे. तिथं घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या हे चाललंय, मुंबईच्या कुर्ल्याच्या बाजारात त्यांचा माल येतो. त्यांच्या भावात आपण पहिल्या वर्षी टिकणार नाही. पण कोल्हापूर शहरात दवाखाने, हॉटेलं, शोरूम, बंगले यांत टाक्या आहेत, आणि त्यातल्या कितीतरी दोन महिन्यांत हिरव्या होऊन कोपऱ्यात पडतात, कारण सांभाळणारं कुणी नाही. पंधरा दिवसांनी जाऊन कापूस बदलणं, झाडं छाटणं, पाणी बदलणं, काच पुसणं हे काम दोघी मिळून करू शकतात. त्याला भांडवल लागतं ते बादली, नळी, कात्री आणि अनुभव. वॅलिसनेरियाचे फुटवे आणि बांधलेले जावा फर्न विकता येतात. तयार जिवाणू असलेला स्पंजही विकता येतो, कारण ज्याची टाकी नवीन आहे त्याला तोच हवा असतो. यातलं एकही काम कर्जानं येत नाही, स्वतःची टाकी वर्षभर चालवून येतं.

सरकारी मदत नाही असं नाही. २०२० साली प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली, तिच्यात परसातल्या शोभिवंत माशांच्या युनिटला तीन लाखांचा खर्च धरलाय आणि महिलांना त्याच्या साठ टक्के अनुदान, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. उरलेले एक लाख वीस हजार आपले, हे विसरू नका. सध्या अर्ज घेतात का, ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, एजंटाला नको. शिकायचं असेल तर आंबा घाट उतरल्यावर रत्नागिरीत शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे. संघाच्या लेटरहेडवर त्यांना पत्र लिहा.

आणि कुणी गावात येऊन म्हणालं की टाक्या आम्ही बसवून देतो, मासे आम्ही देतो, वाढवा आणि आम्हीच विकत घेतो, फक्त एवढे पैसे आधी भरा, तर दार दाखवा. २०१९ मध्ये कडकनाथ कोंबड्यांचं काय झालं ते आपल्या पट्ट्यात कुणाला समजावून सांगायला नको. ती कोंबडी चांगलीच होती. खोटं होतं ते विकत घ्यायचं वचन. माशांत आणखी एक खूण आहे. आठवड्यात टाकी चालू करून मासे भरून देतो, असं जो म्हणतो त्याला एकतर हे काम येत नाही किंवा तुमचे मासे मरण्याशी त्याला देणंघेणं नाही. जिवाणू वाढायला महिना लागतो आणि तो महिना पैसे देऊन गाळता येत नाही.

शिरोळच्या ताईंचा प्रश्न राहिला होता, पुराचा. २०१९ ला आणि २०२१ ला घरं सोडावी लागली, अशा वेळी टाकीचं काय. ताई, आधी माणसं, जनावरं, कागदपत्रं. वेळ असेल तर मुख्य बटण बंद करून वायर काढा. मासे झाकणाच्या बादलीत टाकीच्याच पाण्यात घ्या, अर्धी बादली रिकामी ठेवा म्हणजे हवा राहते, आणि दोन दिवस खायला घालू नका, त्यांना चालतं. संपातला स्पंज आणि मूठभर खापरं ओली करून दुसऱ्या बादलीत, बुडवून नाही, नुसती ओली आणि तोंड उघडं. टाकीतलं पाणी मात्र काढू नका. भरलेली टाकी पुरात जागेवर राहते, रिकामी तरंगते आणि भिंतीवर आपटून फुटते. पूर ओसरल्यावर त्यातलं सगळं पाणी आणि माती काढून टाकायची, वाळू धुवायची, आणि खापरांच्या बादलीवर परत सुरुवात करायची.